अमावस्येचा पिक्चर

काही माणसांना एसटी लागते, काहींना झोपाळा लागतो. नागपूरच्या तांडापेठेतल्या रुपरावांना सिनेमाचा पडदा लागायचा. दिवे मालवले, मागच्या भोकातून उजेडाचा झोत निघाला आणि पडद्यावर माणसं हलायला लागली, की त्यांच्या डोक्यात भिंगरी सुरू व्हायची, तोंडाला पाणी सुटायचं आणि पोटातलं सगळं वर यायचं. ज्या माणसाची नजर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मागावरच्या धोट्यामागे इकडून तिकडे पळायची आणि सुताच्या एवढ्याशा तुटलेल्या तारेवर अचूक थांबायची, त्याला पडद्यावरची पळापळ सोसू नये, यावर कोणाचा विश्वास बसला असता? खुद्द रुपरावांचाही बसला नव्हता.

हे कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच पिक्चरला. साल सत्तावन्न की अठ्ठावन्न असेल. गोपिका उमरेडच्या विणकराची मुलगी. तिनं जन्मात एकच सिनेमा पाहिला होता, जत्रेतल्या तंबूत, आणि तोही अर्धा. कारण ऐन रंगात आलेला असताना तिच्या काकाने सगळ्यांना उठवून बैलगाडीत घातलं होतं. पुढे काय झालं, या विचारात ती लग्नाच्या बोहल्यापर्यंत आली. नागपुरात पडल्याचा तिला काही आनंद झाला असेल, तर तो गल्लीगल्लीतल्या टॉकीजचा. नवीन नवरीनं सासूला पिक्चरला जाण्याबद्दल सरळ विचारलं, तेव्हा मैनाबाईंनी सुताच्या कांड्या भरता भरता तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"नवरा संगं असन तं जाय," त्या म्हणाल्या. "एकटीदुकटीनं नाही जायचं वं. बायकांसंगंबी नाही."

त्यांच्या गल्लीत अमावस्येला माग बंद ठेवायची रीत होती. म्हणून अमावस्या ठरली, आणि तीनचा खेळ ठरला.

जयंती टॉकीजचं पुरुषांचं दार रस्त्यावर होतं आणि बायकांचं बाजूच्या बोळात. आत लेडीज क्लास वेगळा, मध्ये पुरुषभर उंचीची लाकडी भिंत आणि वरून कापडी पडदा. दिवे लागले की जनाबाई नावाची दारावरची बाई तो पडदा ओढून घ्यायची आणि अंधार झाला की सरकवायची. नवरा-बायको घरून एकत्र निघत, टॉकीजपाशी वेगळे होत आणि खेळ सुटल्यावर बोळाच्या तोंडाशी पुन्हा भेटत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी पडद्यावरची नावंही संपली नव्हती, तेव्हा रुपराव लोकांचे पाय तुडवत बाहेर धावले आणि नालीवर वाकले. दारावरच्या शालिकरामनं त्यांची पाठ चोळली.

"पेऊन आला का गा?"

"नाही गा. पडदा हालते."

"पडदा नाही हालत, लेका. माणसं हालते."

रुपराव पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले. तिसऱ्यांदा शालिकरामनंच त्यांना आत जाऊ दिलं नाही. जनाबाईच्या हातून निरोप पाठवून गोपिकेला बोलावता आलं असतं. रुपराव बोळापर्यंत गेलेही. पण हिनं एक पिक्चर अर्धा पाहिला आहे, दुसराही अर्धाच पाहू द्यायचा का, असं मनात आलं आणि पाय मागे फिरले. टॉकीजच्या मागच्या अंगाला नानाजींची चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर ते तीन तास बसून राहिले. उकाड्यामुळे आतली दारं किलकिली ठेवत, त्यातून बोलणं आणि गाणी बाहेर यायची.

खेळ सुटला, तेव्हा ते बोळाच्या तोंडाशी उभे होते. गोपिका बाहेर आली. डोळे रडून लाल झालेले आणि चेहरा असा उजळलेला, की तशी ती लग्नातही दिसली नव्हती.

"पाहिलं न जी? कसं रडवलं त्या मायनं!"

"हो," रुपराव म्हणाले.

बस. या एका 'हो'वर पुढची वीस-बावीस वर्षं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सांगून टाकता आलं असतं, पण सांगितलं असतं तर गोपिका पुन्हा टॉकीजची पायरी चढली नसती. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून आत पिक्चर पाहणारी बाई तांडापेठेत जन्माला यायची होती. आणि मैनाबाईंनी तर 'नवरा संगं' याच अटीवर परवानगी दिली होती. शिवाय थोडी लाजही होती, ती कशाला लपवा. पिक्चर पाहून ओकणारा गडी म्हटल्यावर गल्लीतल्या पोट्ट्यांनी रुपरावांना जगू दिलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी ती झाकली.

मग दर अमावस्येला तेच. गोपिका बोळातून आत, रुपराव टपरीवर. मध्यंतरात ते फुटाण्याचा पुडा जनाबाईकडे देत, आणि जनाबाई आत जाऊन ओरडे, "रुपरावाची बाई कोणती वं?" आजूबाजूच्या बायका हसत. तो पुडा घेताना गोपिकेला फार मोठं झाल्यासारखं वाटे, असं तिनंच एकदा सांगितलं होतं.

पण खरा पिक्चर सुरू होई तो घरी परतताना. रीतीप्रमाणे रुपराव पुढे चालत आणि गोपिका चार पावलं मागून. ती त्यांच्या पाठीला सगळं सांगत येई. कोण कशी वळून पाहत होती, कोणाच्या हातातला दिवा कसा थरथरला, विहिरीत वाकलेल्या पोरीची वेणी कशी पाण्याला लागली. रुपरावांना कानांनी गोष्ट कळलेली असे. डोळ्यांचं सगळं ती पुरवी. हळूहळू त्यांना त्या वाटेची चटक लागली. घरात चार माणसांत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची सोय नव्हती; हवं-नको तेवढं मैनाबाईंच्या मार्फत. महिन्यातून एकदा, टॉकीजपासून तांडापेठेच्या वळणापर्यंत, ही बाई त्यांची होती. वळण आलं की ती पदर ओढून गप्प होई. रुपरावांना वाटे, हे वळण कोणी उचलून दहा मैलांवर कामठीला नेऊन ठेवलं तर किती बरं होईल.

एक खोटं पोसायला दहा लागतात, तशी त्यांना लागली. जिथे नुसतं ऐकून काही समजत नसे तिथे ते शालिकरामला विचारत, आणि शालिकराम हा महाभाग दारातून येता-जाता पाहणारा. त्याच्या सांगण्यावरून रुपराव एकदा मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "ते बिचारी शेवटी मेली, वाईट वाटलं."

"मेली कुठं? ते तं तिची बहीण होती. तुमचं ध्यान कुठं राहते जी?"

मग एकदा आत रीळ तुटलं, दिवे लागले, पोरांनी शिट्ट्या मारून टॉकीज डोक्यावर घेतलं. त्या संध्याकाळी वाटेत गोपिका म्हणाली, "मी फटीतून तुमाले हुडकलं. दिसले नाही तुमी."

"खांबामागं होतो," रुपराव म्हणाले. "तिकडे एक मोठा खांब आहे."

"अन् दरवेळी तिथंच बसता?"

"तेच जागा भेटते."

तेव्हापासून गोपिकेला त्या खांबाचं दुःख लागलं. "लवकर आत जा न जी, खांबामागं काय दिसत असन," असं ती निघताना दरवेळी म्हणे. घाईघाईनं भाकरी टाके, म्हणजे नवऱ्याला बरी जागा मिळावी. रुपराव मान हलवत आणि नानाजींच्या बाकावर जाऊन बसत. तिची ती घाई पाहून त्यांना ओशाळं वाटे, आणि सुखही वाटे. दोन्ही एकदमच.

वर्षं गेली. मैनाबाई गेल्या. मुलगा मधुकर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला, त्याचं लग्न झालं. सून लतिका आठवी शिकलेली. ती नवऱ्याबरोबर सायकलवर डबलसीट पिक्चरला जायची आणि दोघं एकमेकांना खेटून बसायची. आणि ऐंशीच्या आगेमागे जयंती टॉकीजच्या नव्या मालकानं लाकडी भिंत काढून टाकली. लेडीज क्लास बंद. जनाबाई घरी बसली, बोळातल्या दाराला कुलूप लागलं.

गोपिकेनं हे ऐकलं तेव्हा ती सुताच्या लडीत हात घालून बसली होती. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "आता तं आपण एका ठिकाणी बसू."

"या वयात?" रुपराव म्हणाले.

"का झालं वयाले? मले एकडाव तुमचं तोंड पाहायचं आहे, पिक्चर पाहताना. तुमी रडता का नाही, थे पाहायचं आहे."

रुपरावांनी ती अमावस्या पोटदुखीवर काढली. पुढची पाहुण्यांवर. त्यानंतरची, लोक हसतील, सून काय म्हणेल, यावर. गोपिकेनं चौथ्यांदा विचारलं नाही. ती पिक्चरलाच जाईनाशी झाली. मैनाबाई गेल्यावर कांड्या भरताना सुरू झालेली तिची बडबड थांबली, आणि मागाचा खटखट आवाज तेवढा घरात उरला. एका दुपारी ती शांतपणे म्हणाली, "तुमाले माह्या बाजूनं बसाची लाज वाटते. सांगून टाका न."

असलं काही तिच्या मनात असेल, हे रुपरावांच्या स्वप्नातही नव्हतं. ज्या बाईच्या आनंदासाठी त्यांनी आयुष्यातल्या इतक्या दुपारी बाकावर काढल्या, तिला वाटत होतं की नवऱ्याला आपली लाज वाटते! करायला गेलो एक अन् झालं भलतंच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते शालिकरामकडे गेले. शालिकराम म्हातारा झाला होता, पण अक्कल वाटायची हौस तशीच. त्यानं सांगितलं, लिंबू जवळ ठेव, उपाशीपोटी जा, शेवटच्या ओळीत बस आणि डोळे मिट. "कोण पाहते गा अंधारात? बाई पिक्चर पाहीन का तुले?" रुपराव एकटे जाऊन तसे बसूनही आले. डोळे मिटले तर जमत होतं. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी येताना गोपिकेसाठी गजरा आणला. लग्नानंतर पहिलाच.

अमावस्येला दोघं निघाले. गोपिका नवं लुगडं नेसली होती, गजरा माळला होता, आणि आज ती मागून चालत नव्हती. बरोबरीनं चालत होती. टॉकीजच्या मोठ्या दारातून ती आयुष्यात पहिल्यांदा आत शिरली. दिवे अजून चालू होते. तिनं भिरीभिरी पाहून घेतलं.

"तुमचा खांब कुठं आहे?"

"पाडला," रुपराव म्हणाले. "भिंतीसंगं पाडला."

"बरं केलं. मुडदा होता मेला." आणि ती हसली.

शेवटच्या ओळीत दोघं बसली. अंधार झाला. मागून झोत निघाला आणि यंत्राचा घर्रर्र आवाज सुरू झाला तसे रुपरावांनी डोळे मिटले, लिंबू नाकाशी धरलं. गोपिकेचा दंड त्यांच्या दंडाला लागला होता. तिनं श्वास रोखला की त्यांना कळत होतं, आता पडद्यावर काहीतरी होणार. तिला हसू आलं की दंड हलत होता. रुपरावांना वाटलं, अरे, हे इतकं सोपं होतं, मग आपण इतकी वर्षं बाहेर कशाला कुढत बसलो? डोळे मिटून तर आत बसता येत होतं!

तेवढ्यात सगळं टॉकीज खदखदून हसलं. आणि गोपिका, ठरवून आल्याप्रमाणे, नवऱ्याचं तोंड पाहायला वळली.

"झोपले का जी?"

तिच्या आवाजात इतका विरस होता, की रुपरावांनी गडबडून डोळे उघडले. समोर कोणीतरी घोडा फेकत नेत होतं. झाडं, धूळ, टापा, सगळं एकदम अंगावर आलं. लिंबू कुठे पडलं ते कळलं नाही. ते कसेबसे दारापर्यंत पोचले आणि पायरीवरच ओकले.

गोपिका मागोमाग धावत आली. तिनं त्यांचं कपाळ धरलं. शालिकराम तांब्या घेऊन आला आणि आल्या आल्या बोलला, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. "तरी म्हणत होतो, डोळे नोको उघडू गा! इतके वर्षं बाहेर बसला, आताच काहून हे नाटक?"

"बाहेर कुठं?" गोपिका म्हणाली. "खांबामागं बसत होते थे."

"कोणता खांब, वैनी? इथं खांब कधी होता?"

आपण काय बोलून बसलो ते शालिकरामला उशिरा कळलं आणि तो तांब्या ठेवून निघून गेला. पायरीवर दोघंच राहिली. रुपरावांनी चूळ भरली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तंबूतला अर्धा पिक्चर, मैनाबाईंची अट, नानाजींचा बाक, उन्हाळ्यातल्या झळा, थंडीतलं कुडकुडणं. सांगता सांगता त्यांना स्वतःचंच थोडं कौतुक वाटायला लागलं. आता ही रडेल, त्यांना वाटलं. आपला हात धरेल. म्हणेल, माझ्यासाठी किती सोसलं.

गोपिका रडली नाही. ती रस्त्याकडे पाहत होती.

"तो पुराचा पिक्चर?" तिनं विचारलं. "ज्यात घर वाहून जाते?"

"बाहेरच होतो."

"अन् तो, ज्यात पोरगा मायले वळखत नाही?"

"बाहेर."

"मधु पोटात होता तवाचा?"

रुपरावांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायरीवर ओतलं.

"मले वाटे, भिंतीच्या पलीकडे तुमी हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काही चांगलं आलं की मी मनात म्हणो, आता हे त्यायनंबी पाहिलं. भेव वाटलं तं म्हणो, थे आहेत न तिकडं. आपण दोघं मिळून पाहून राहिलो, असं वाटे. घरात तं दोघांचं असं काहीच नव्हतं. तेवढंच होतं. मंग मी कोणासंगं पाहून राहिली होती जी? एकटीच होती न मी?"

"तुह्यासाठीच केलं वं सारं," रुपराव म्हणाले. बोलतानाच त्यांना कळलं की हे वाक्य कुचकामी आहे. तिला त्यांचं सोसणं नको होतं. तिला भिंतीपलीकडे माणूस हवा होता, आणि इतकी वर्षं तो आहे असं तिला वाटत होतं. आज रुपरावांनी तो काढून नेला होता. तोही एकदाच नाही, मागचा एकेक पिक्चर उघडून, एकेका खुर्चीवरून. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ती हसली असती. कधीच सांगितलं नसतं तर सुखानं मेली असती. त्यांनी नेमकी मधली वाट धरली होती.

आत पिक्चर चालूच होता. गोपिकेनं त्यांना उठवलं, सावकाश घरी नेलं, घोंगडी घालून निजवलं, आल्याचा चहा दिला. तिनं त्या दिवशी किंवा नंतर त्यांना एका शब्दानं टोचलं नाही. नवऱ्यावर रागावून माहेरी जाणारी ती नव्हती. घरचं सगळं पूर्वीसारखं झालं. कांड्या, भाकऱ्या, सणवार. फक्त अमावस्येला माग बंद झाला की ती अंगण सारवायला घेई. रुपराव दोनदा म्हणाले, "चाल न वं, मी बाहेर बसतो, तू पाहून ये." ती म्हणाली, "नाही जी. तुमी बाहेर आहे, हे माहीत असल्यावर मन नाही लागत."

दोन-तीन वर्षांनी जयंती टॉकीजला एक जुना पिक्चर फिरून आला. तो पहिल्या वेळी आला होता तेव्हा गोपिकेनं रुपरावांना अख्ख्या वाटेवर त्यातला कोर्टाचा प्रसंग सांगितला होता. नंतर कांड्या भरता भरता किती वेळा, त्याला गणती नाही. लतिका बाजारातून पोस्टर पाहून आली आणि पिशवी टेकवत म्हणाली, "आई, हा तं तुमच्या टाइमचा आहे. तुमी पाहिला असन न? स्टोरी काय आहे जी?"

रुपराव मागावर होते. त्यांनी धोटा हातातच थांबवला. त्यांना वाटलं, आता सांगेल. सुनेला का होईना, सांगेल. आपल्याला आपलं इकडून ऐकता येईल. त्यांनी श्वासही हळू घेतला.

गोपिका तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून एक खडा काढून बाजूला टाकला.

"नाही वं माय," ती म्हणाली. "म्या नाही पाहिला."